देव एक, मग पिता-पुत्र-पवित्र आत्मा असे तीन कसे?

नोव्हेंबर २०२५च्या अखेरीस तुर्कस्तानातल्या इझनिक या तळ्याकाठच्या गावी कॅथलिकांचे पोप चौदावे लिओ आणि ऑर्थोडॉक्स परंपरेचे कॉन्स्टंटिनोपलचे धर्मप्रमुख बार्थोलोम्यू एकत्र प्रार्थनेला उभे राहिले. निमित्त होतं १७०० वर्षांपूर्वीच्या एका परिषदेचं. इझनिकचं जुनं नाव निकिया. इसवी सन ३२५मध्ये तिथं ख्रिस्ती धर्माधिकारी जमले, येशू ख्रिस्त नेमका कोण या प्रश्नावर कडाक्याचा वाद झाला आणि त्यातून जो निर्णय निघाला, तो आज जगातली बहुतेक चर्च मानतात. कोल्हापुरातलीही.

आपल्याकडं ख्रिस्ती समाज काल-परवाचा नाही. अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर १८५२मध्ये कोल्हापुरात आले. त्यांच्या नावाचं वाइल्डर मेमोरियल चर्च शहरात आजही उभं आहे. एस्तेर पॅटन किंवा आयर्विन ख्रिश्चन हायस्कूलमध्ये शिकलेली माणसं इथं कुठल्याही पेठेत भेटतील. दिवाळीचा फराळ तिकडं जातो, नाताळचा केक इकडं येतो. तरीही एक प्रश्न बहुतेकांच्या मनात तसाच राहतो आणि शेजारधर्म म्हणून कुणी विचारत नाही: तुमचा देव येशू की तो आकाशातला बाप? आणि पवित्र आत्मा हा तिसरा कोण? विचारायला हरकत नाही. ख्रिस्ती माणसांनीही हेच प्रश्न एकमेकांना शेकडो वर्षं विचारले आहेत.

पाया एकच: देव एक

येशूचे पहिले शिष्य ज्यू होते. ज्यू माणूस दिवसातून दोनदा, सकाळी आणि रात्री, देव एकच आहे हे शास्त्रवचन म्हणतो. त्या देवाची मूर्ती करायची नाही, त्याच्या शेजारी दुसऱ्या कुणाला बसवायचं नाही. आपल्याकडं देव्हाऱ्यात आणखी एक टाक आला तर घर मोडत नाही. कुलदैवत जोतिबा, दर्शनाला अंबाबाई, गुरुवारी दत्त आणि वर्षातून एकदा पंढरी, यात कुणाला विसंगती वाटत नाही. गालील प्रांतातल्या त्या कोळ्यांना, म्हणजे येशूच्या शिष्यांना, मात्र एखाद्या माणसाला देव म्हणणं म्हणजे घोर पाप. बहुदेवपूजक ग्रीक राजवटीत आपला धर्म टिकवण्यासाठी त्यांच्या पूर्वजांनी जीव दिले होते.

हे नीट ध्यानात घेतलं तरच पुढचा गुंता कळतो. कारण हीच माणसं, एकाच देवाची शपथ घेतलेली, येशूच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच त्याची प्रार्थना करू लागली.

गुंता कुठं सुरू झाला

नव्या करारात, म्हणजे बायबलच्या दुसऱ्या भागात, येशू लोकांच्या पापांची क्षमा करतो. ऐकणारे चिडतात: हा अधिकार तर फक्त देवाचा! त्याचं पुनरुत्थान झाल्यावर थोमा हा शिष्य त्याला ‘माझा प्रभू व माझा देव’ म्हणतो आणि येशू त्याला अडवत नाही. ‘मी आणि पिता एक आहोत’ असं योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या एका चरित्रात, आहे.

पण हाच येशू अटकेच्या रात्री गेथशेमाने बागेत जमिनीवर पालथा पडून प्रार्थना करतो की माझ्या इच्छेप्रमाणं नको, तुझ्या इच्छेप्रमाणं होऊ दे. तो देव असेल तर प्रार्थना कुणाची करतोय? शिवाय जाण्याआधी शिष्यांना तो सांगतो की पिता तुमच्यासाठी ‘दुसरा कैवारी’ पाठवेल. हा कैवारी म्हणजे पवित्र आत्मा. तो शिकवतो, आठवण करून देतो आणि माणसासारखा दुःखीही होतो. नुसती ऊर्जा किंवा वारं असं त्याचं वर्णन नाही.

म्हणजे हातात तीन गोष्टी आल्या. देव एकच. पिता देव, पुत्र देव, पवित्र आत्मा देव. आणि पिता म्हणजे पुत्र नव्हे, पुत्र म्हणजे आत्मा नव्हे. यातली कुठलीही एक सोडली की बाकीचं गणित झटक्यात सुटतं. चर्चनं एकही सोडली नाही. तिन्ही एकत्र धरण्याला मराठी ख्रिस्ती मंडळी ‘त्रैक्य’ म्हणतात.

सोपी उत्तरं आणि ती का नाकारली

सगळ्यांत सोपं उत्तर: तीन देव आहेत, पण त्यांचं एकमत आहे. हे कुणी फार काळ मांडलं नाही. एकदेवत्वाचा पाया इतका पक्का होता की ते उघडच बाद झालं.

दुसरं उत्तर आजही रविवारच्या शाळेत मुलांना सांगितलं जातं. पाणी, बर्फ, वाफ. पदार्थ एक, रूपं तीन. ऐकायला छान आहे, पण तिसऱ्या शतकात रोममध्ये साबेलियस या शिक्षकाच्या नावानं जे मत ओळखलं गेलं आणि चर्चनं खोडून काढलं, ते जवळपास हेच. देव एकटाच, पण आधी पिता म्हणून वावरला, मग पुत्र म्हणून आणि आता आत्मा म्हणून वावरतो, असं ते मत. यात अडचण अशी की मग गेथशेमानेतली ती प्रार्थना खोटी ठरते. कुणी कुणाशी बोलतच नव्हतं. ‘माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ हा वधस्तंभावरचा आक्रोशसुद्धा आपलं आपल्यालाच ऐकवलेलं भाषण होतो. मुलांना शिकवणाऱ्यांनी हा दाखला सोडून द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे. लहानपणी मनात बसलेलं चित्र मोठेपणी निघत नाही.

तिसरं उत्तर सर्वांत बुद्धिमान होतं, आणि त्यावरूनच निकिया घडलं.

इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियात एरियस नावाचा पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, होता. त्याचं म्हणणं असं: खरा देव एकच, पिता. येशू थोर आहे, सगळ्या सृष्टीच्या आधीचा आहे, पण शेवटी निर्माण केलेला आहे. ‘तो नव्हता असा एक काळ होता.’ येशू देवाची सर्वश्रेष्ठ निर्मिती, पण पित्यासारखा खरा देव नव्हे. एरियस वाईट माणूस नव्हता. देवाच्या एकपणाला धक्का लागू नये अशीच त्याची धडपड होती. त्याचं मत झपाट्यानं पसरलं आणि साम्राज्यातल्या चर्चमध्ये फूट पडायची वेळ आली. तेव्हा सम्राट कॉन्स्टंटाईननं निकियात परिषद बोलावली. हजर बिशपांचा आकडा परंपरेनं ३१८ सांगितला जातो.

हा वाद विद्वानांपुरता राहिला नाही. चौथ्या शतकाच्या शेवटी निस्साचा ग्रेगरी कॉन्स्टंटिनोपलचं वर्णन करतो: सुट्टे पैसे मागावेत तर दुकानदार पुत्र जन्मलेला की अजन्मा यावर बोलू लागतो, पावाचा भाव विचारावा तर पिता मोठा आणि पुत्र दुय्यम असं उत्तर येतं, न्हाणीघर तयार आहे का म्हणावं तर तिथला माणूस सांगतो की पुत्र शून्यातून निर्माण झाला! आपल्या रंकाळ्यावरच्या कट्ट्यांवर कुस्ती आणि फुटबॉलवर जसं हिरिरीनं बोललं जातं, तसं तिथं देवाच्या स्वरूपावर बोललं जात होतं.

किरण आणि सूर्य

एरियसला सर्वांत ठाम उत्तर दिलं अथानासियसनं. निकियात तो आपल्या बिशपबरोबर आलेला तरुण सेवक होता. पुढं स्वतः बिशप झाला आणि याच मतापायी पाचदा हद्दपार झाला. सूर्य आणि त्याचं तेज हा दाखला तो पुन्हापुन्हा देतो, आणि कोल्हापूरकराला तो समजायला वेळ लागू नये.

अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव आठवा. जानेवारीच्या शेवटी आणि नोव्हेंबरमध्ये मावळतीची किरणं महाद्वारातून आत येतात आणि गाभाऱ्यापर्यंत पोचतात. एक दिवस पायांवर, पुढं वर सरकत मुखावर. हजारो लोक श्वास रोखून बघतात. ढग आला किंवा वाटेत काही आड आलं तर हळहळतात. आता विचार करा, गाभाऱ्यात जे पोचलं ते काय होतं? सूर्यानं आपल्याऐवजी पाठवलेला कुणी नोकर होता का? तो सूर्याचाच प्रकाश. तो सूर्यापासून निघाला हे खरं, पण आधी नुसता सूर्य होता आणि मग कधीतरी त्याला प्रकाश फुटला असं झालेलं नाही. सूर्य जितका जुना, तितकंच त्याचं तेज जुनं. आणि किरणाला सूर्यापासून तोडून वेगळा करून ठेवता येत नाही.

पुत्र पित्यापासून आहे, तरी पित्याच्या नंतरचा नाही, आणि तो आपल्यापर्यंत येतो तेव्हा देवच येतो, एवढं या दाखल्यातून घ्यायचं. निकियाच्या मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या जाहीरनाम्यात, ‘प्रकाशापासून प्रकाश’ असे शब्द आहेत आणि पुत्र पित्याशी एकाच तत्त्वाचा आहे असं ठणकावून सांगितलं आहे. दाखल्याची मर्यादाही सांगायला हवी. किरण सूर्याशी बोलत नाही, त्याच्यावर प्रेम करत नाही. पुत्र करतो. तिथं सूर्य आणि किरण मागं ठेवावे लागतात.

‘काय’ एक, ‘कोण’ तीन

पवित्र आत्म्याचा प्रश्न निकियानं एका ओळीत आटोपला होता. तो ३८१मध्ये कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेनं हाती घेतला. तोवर आजच्या तुर्कस्तानातल्या कप्पदुकियाच्या तीन विचारवंतांनी शब्द घासूनपुसून दिले होते: बेसिल, त्याचा भाऊ निस्साचा ग्रेगरी आणि त्यांचा मित्र नाझियान्झसचा ग्रेगरी.

त्यांचं सार असं सांगता येईल. देव ‘काय’ आहे असं विचारलं तर उत्तर एकच: एक तत्त्व, एक सामर्थ्य, एक इच्छा. देव ‘कोण’ आहे असं विचारलं तर उत्तर तीन: पिता, पुत्र, पवित्र आत्मा. एक देव बरोबर तीन देव असं कुणी म्हणत नाही. एका अर्थानं एक आणि वेगळ्या अर्थानं तीन, म्हणून यात तर्काला छेद जात नाही. आपल्या आवाक्याबाहेरचं असणं आणि परस्परविरोधी असणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

पण इथं पाय घसरू शकतो. तीन माणसांमध्ये माणूसपण समान असतं, तरी ती तीन माणसंच राहतात. त्यांची मतं वेगळी, हात वेगळे, कामं वेगळी. देवाच्या बाबतीत तसं नाही. जगाची निर्मिती पित्यानं केली, तारण, म्हणजे माणसाची पापातून सुटका, पुत्रानं केलं आणि पुढचं आत्मा बघतो, अशी खातेवाटप नाही. प्रत्येक कृती तिघांची आणि एकच. मग फरक कशात? फक्त नात्यात. पिता कुणापासून नाही, पुत्र पित्यापासून आहे, आत्मा पित्यापासून निघतो. हा आत्मा ‘पुत्रापासूनही’ निघतो का, यावर पूर्व आणि पश्चिमेच्या चर्चचं जुळलं नाही. १०५४च्या फुटीच्या कारणांत हा एक मुद्दा होता.

आणि ‘पुत्र’ म्हटल्यावर देवाला बायको होती का, असा जो प्रश्न अनेकांना पडतो, त्याचं उत्तर सरळ नाही असं आहे. देहाचा, काळाचा इथं संबंध नाही. मुसलमान शेजाऱ्यांचा मुख्य आक्षेप इथंच असतो, आणि देवाला बायको-मुलं असतात या कल्पनेला विरोध करण्यात ख्रिस्ती माणूस त्यांच्याच बाजूनं उभा आहे.

म्हणजे आपला दत्तच की!

नृसिंहवाडी आपल्याच जिल्ह्यात. त्यामुळं ‘तीन आणि एक’ म्हटलं की कोल्हापूरकराच्या डोळ्यांपुढं दत्तात्रेय येणारच. तुलना मनापासून केलेली असते, तिला झिडकारू नये. दोन्हीकडं एकपण आणि तीनपण एकत्र धरण्याची ओढ आहे. पण फरक मोठे आहेत. ब्रह्मा, विष्णू, महेश यांची कामं ठरलेली: उत्पत्ती, स्थिती, लय. त्रैक्यात अशी कामांची वाटणी नाही हे वर आलंच. तिथं पित्याचं पुत्रावर आणि पुत्राचं पित्यावर असलेलं प्रेम हा गाभा आहे, विश्वाचा कारभार हा नाही.

अवताराचंही तसंच. विष्णूचे अवतार युगायुगांत होतात आणि कार्य संपलं की संपतात. येशूबद्दल ख्रिस्ती जो शब्द वापरतात तो ‘देहधारण’. ते एकदाच झालं, रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या काळात, आणि पुत्रानं घेतलेलं माणूसपण परत टाकलं नाही. ४५१च्या खल्किदोन परिषदेनं हे निश्चित केलं: येशू पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, अर्धा-अर्धा नव्हे.

भारतीय विचारातून त्रैक्याच्या जास्त जवळ जाणारी वाट वेगळी आहे असं मला वाटतं. बंगालमध्ये केशवचंद्र सेन यांनी १८८२च्या एका व्याख्यानात त्रैक्याचा विचार सच्चिदानंदाच्या भाषेत मांडला: सत्, चित्, आनंद. पुढं ब्रह्मबांधव उपाध्याय या बंगाली कॅथलिक संन्याशानं त्यावर संस्कृत स्तोत्र रचलं. हे तीन गुण एकमेकांपासून वेगळे करता येत नाहीत, म्हणून ही वाट दूरवर नेते. फक्त सत् चित्शी बोलत नाही. तिथं पुन्हा तोच फरक उरतो.

बायबलमध्ये तर ‘त्रैक्य’ शब्दच नाही

खरं आहे. लॅटिनमध्ये तो साधारण इसवी सन २००च्या सुमारास कार्थेजच्या टर्टुलियनच्या लेखनातून रुळला. पण शब्द नंतर येतो, गोष्ट आधी असते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी ‘पित्याच्या, पुत्राच्या व पवित्र आत्म्याच्या नावाने’ बाप्तिस्मा द्यायला सांगितलं आहे, आणि आजही पाळक मुलाच्या कपाळावर पाणी घालताना हेच म्हणतात. हा आक्षेप घेऊन त्रैक्य नाकारणारे गट आहेत. यहोवाचे साक्षीदार आणि युनिटेरियन हे त्यातले ठळक.

दुसरा आक्षेप सध्या मोबाइलवर फार फिरतो: येशूला देव कॉन्स्टंटाईननं मतदानानं बनवलं आणि बायबलमधली पुस्तकंही निकियातच ठरली. यातला दुसरा भाग तर साफ चूक. निकियानं बायबलच्या यादीवर निर्णय दिलेला नाही. तिथं ईस्टरच्या तारखेचा प्रश्न सोडवला गेला, धर्माधिकाऱ्यांच्या शिस्तीचे नियम झाले. पहिल्या भागासाठी रोमन सुभेदार प्लिनीचं पत्र बघावं. ११२च्या सुमारास, निकियाच्या दोनशे वर्षं आधी, त्यानं सम्राट ट्राजनला लिहिलं की हे ख्रिस्ती पहाटे जमून ख्रिस्ताला देव मानून स्तोत्रं म्हणतात. प्लिनी त्यांना शिक्षा करत होता, त्यांची बाजू घेण्याचं त्याला काही कारण नव्हतं. शिवाय कॉन्स्टंटाईननं ३३७मध्ये मरणशय्येवर बाप्तिस्मा घेतला तो एरियसकडं झुकलेल्या बिशपच्या हातून, आणि त्याचा मुलगा कॉन्स्टंटियस तर उघड त्या पक्षाचा. राजसत्तेच्या जोरावर निकाल लागायचा असता तर एरियस जिंकला असता.

रमाबाईंना जे पटलं नाही

हे सगळं वाचूनही न पटणारा वाचक एकटा नाही. पंडिता रमाबाईंनी १८८३मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथं बाप्तिस्मा घेतला आणि त्यानंतर त्रैक्यावरून आपल्या इंग्रज गुरुभगिनींशी पत्रांतून झुंज दिली. येशूवर त्यांची श्रद्धा होती. पण चर्चनं सांगितलं म्हणून मान तुकवायला त्या तयार नव्हत्या. मी शास्त्रींची परंपरा सोडली ती दुसऱ्या कुणाच्या आज्ञेत राहायला नव्हे, हा त्यांच्या पत्रांचा सूर. चेल्टनहॅमच्या कॉलेजात त्या शिकत होत्या, तिथल्या प्राचार्या डोरोथिया बील यांना त्यांनी विचारलेले प्रश्न आजही कुणा धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याला घाम फोडतील. या बाईंनी पुढं बायबलचं मूळ भाषांतून सोप्या मराठीत भाषांतर करण्यात आयुष्याची अखेरची वर्षं घातली, आणि १९०५मध्ये केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये श्रद्धेची जी सामूहिक जागृती झाली तिच्या केंद्रस्थानी पवित्र आत्मा होता. शंका घेणाऱ्याला गप्प बसवणाऱ्या प्रत्येक धर्मशिक्षकानं रमाबाईंची ती पत्रं वाचायला हवीत.

मानलं किंवा न मानलं, तर फरक काय पडतो?

‘देव प्रीती आहे’ असं योहानाच्या पहिल्या पत्रात आहे. देव प्रेम करतो असं तर सगळेच म्हणतात. देव स्वतःच प्रेम आहे हे म्हणणं त्याच्या पुढचं आहे. समजा देव अगदी एकटा आहे. मग जग निर्माण होण्याआधी त्यानं प्रेम कुणावर केलं? प्रेम हा त्याचा स्वभाव असेल, तर ते करायला त्याला जगाची गरज पडली, म्हणजे तो अपुरा ठरला. त्रैक्याचं उत्तर असं की प्रेम देवाच्या आतच, अनादी काळापासून, देणारा आणि घेणारा दोघांसह आहे. जग त्याच्या गरजेतून झालं नाही, भरून वाहण्यातून झालं. आपण इथं आहोत ते कुणाची उणीव भरायला नाही. दर रविवारी हे ऐकणाऱ्या अनेकांनाही हा अर्थ कुणी उलगडून सांगत नाही, याची मला खंत वाटते.

वधस्तंभाचं बघा. एरियस बरोबर असेल तर देव स्वतः दूर राहिला आणि दुःख सोसायला त्यानं आपल्या उत्तम सेवकाला पाठवलं. मालक वाड्यात आणि मार खायला गडी, हा अन्याय आपल्याला पुरेपूर माहीत आहे. निकियानं सांगितलं की खिळ्यांनी ठोकला गेला तो देवाचाच पुत्र, देवच. पाच वेळा हद्दपारी पत्करून अथानासियस ज्यासाठी भांडला ते हे.

आणखी एक, जे अजून आपल्या घरांत आणि मंडळींत पुरतं उतरलेलं नाही. पुत्र पित्याची आज्ञा पाळतो, तरी पित्याहून कमी नाही. आत्मा पाठवला जातो, तरी दुय्यम नाही. आज्ञा पाळणारा खालचा आणि देणारा वरचा, ही आपली नेहमीची उतरंड इथं लागू होत नाही. जातीची उतरंड बाहेर ठेवून चर्चमध्ये आलेल्या माणसांना तीच उतरंड आत पुन्हा भेटली असेल, तर ती या श्रद्धेच्या मुळावरच येते.

कोल्हापुरातल्या एखाद्या मराठी उपासनेला कधी बसलात तर शेवटचा आशीर्वाद लक्ष देऊन ऐका. तो ख्रिस्ती धर्माचा आद्य प्रचारक पौल यानं करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समुदायाला, लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातून घेतला आहे, निकियाच्या जवळपास २७० वर्षं आधीचा: ‘प्रभू येशू ख्रिस्ताची कृपा, देवाची प्रीती व पवित्र आत्म्याची सहभागिता’. यात पित्याचं नाव आधी नाही, पुत्राचं आहे. त्या पहिल्या ज्यू माणसांना देव याच क्रमानं उमगला. आधी येशू भेटला, त्याच्यामुळं पित्याचं प्रेम कळलं, आणि मग ते प्रेम आपल्यातच वस्तीला आलं आहे असा त्यांना अनुभव आला. त्याला नाव आणि नेमके शब्द द्यायला पुढची तीन शतकं लागली.